न उकरलेली माती

"मी आखाड्याच्या भिंतीवर चढतो, तू खालून धर," रज्जाक म्हणाला.

"अन् पडला तर? मागच्या साली चिंचेवरून पडून बोंबलत होता, तो तूच ना बे?" निवृत्ती म्हणाला.

"दोघंही गप राहा. दार नुसतं लोटलेलं आहे," निवृत्तीची बहीण कोकिळा म्हणाली.

चिखलीच्या शाळेला उन्हाळ्याची सुटी लागून तिघं गावी आले होते आणि त्यांना हैदरचाचांकडून डाव शिकायचे होते. हैदर गावाचा पहिलवान. गावातलं एकेक घर पाळीनं त्याला दूध देई. पण साखरखेर्ड्याच्या जत्रेतल्या कुस्तीपासून तो आखाड्याचं दार आतून लावून घेई. बाहेर फक्त मांडीवर मारलेले शड्डू ऐकू येत. आत्ता तो जेवायला गेला होता.

कोकिळानं कुस्तीच्या हौद्यात पाय टाकला आणि ती थांबली. रोज उकरून मऊ करायची ती लाल माती टणक झाली होती. भेगांतून मुंग्या ये-जा करत होत्या.

"इथं कोणी कसरत करूनच नाही राह्यलं," ती म्हणाली.

"मंग शड्डू?" निवृत्तीनं विचारलं.

"शड्डू तर बसल्या बसल्याही मारता येते."

"खरं हाय," दारातून आवाज आला. हैदर उजवा हात पोटाशी धरून उभा होता. तो रागावला नव्हता. "त्या जत्रेत खांदा गेला माहा. वैद्य म्हणते, आता झटका बसला तर हात जन्मभर लोंबकळन."

"मंग सांगत काऊन नाही, चाचा?" रज्जाकनं विचारलं.

"कोणाले सांगू? दूध आणते तो म्हणते, हिंमत ठेव, मन घट्ट कर. म्या केलं. वाटलं, मन घट्ट झालं का खांदाबी होईन. पण दुखते का, असं कोणी पुसलंच नाही. अन् कोकिळे, तुह्या आबानं तर नागपंचमीले बीबी गावच्या पहिलवानाशी कुस्तीची जोड ठरवली. गावाचं दूध पेलो, आता नाही कसं म्हणू? तुमी कोणाले सांगू नका. कसम हाय."

तिघं परतले. वाटेत कोकिळा म्हणाली, "सांगायचं नाही. पण दाखवायले कुठं मनाई आहे?"

सकाळी ती आजोबांकडे, गावचे पाटील उकंडराव यांच्याकडे गेली. "आबा, निवृत्तीले कुस्ती शिकायची आहे. पहिलं फावडं घरच्या वडीलमाणसानं मारायचं असते ना?"

"हाव, चाला," उकंडराव खूश झाले. "हैदरचं नाव नागपूरच्या लाटसाहेबापर्यंत जाईन. याचं चिखलीपर्यंत गेलं तरी लय झालं."

पाटलांची हाक ऐकून हैदरनं आखाड्याचं दार उघडलं. त्यांनी हौद्यात फावडं मारलं. ते उसळून मागं आलं. पुन्हा मारलं. मग ते वाकले, नखानं ढेकूळ खरवडून पाहिलं आणि कोपऱ्यात उभ्या हैदरच्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले.

"लय दुखते का रे?"

हैदरनं मान डोलावली. तो हौद्याच्या काठावर खाली बसला.

त्याच दिवशी बीबीला जोड मोडल्याचा निरोप गेला. "पोराईले दिसलं ते मले नाही दिसलं. शाब्बास रे पोरहो," उकंडराव चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाले, पण मान खाली घालून. तिघांनाही ती शाबासकी घ्यावीशी वाटेना. हैदर आता कधीच कुस्ती खेळणार नव्हता.

संध्याकाळी उकंडराव स्वतः दुधाचा लोटा घेऊन हैदरच्या घरी गेले. पोरं मागोमाग होती.

"आता कायले दूध, पाटील?"

"पे."

त्यांनी तव्यावर तापवलेली मिठाची पुरचुंडी हैदरच्या खांद्यावर धरली. हैदर कण्हला. मग आणखी मोठ्यानं कण्हला. रस्त्यानं जाणारी माणसं दाराशी थांबली, तरी त्यानं आवाज दाबला नाही.