फरशीवरची गाडी

माझी धाकटी बहीण वच्छला हिप्परग्याच्या तळ्यावर चार दिवस राहायला जाणार होती आणि ते मला बघवत नव्हतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला साळसूद समजायला नको.

राहायला म्हणजे कुणाच्या घरी नव्हे. गाडीत! तिचा नवरा रावजी ट्रक-बसच्या बॉड्या बांधायच्या वर्कशॉपात होता. मालकाकडं कुणीतरी विलायती मासिक आणलेलं. त्यात एका गाडीचा फोटो होता. आत पलंग, स्टो, खिडकीला पडदे आणि बाहेर तळ्याकाठी खुर्ची टाकून बसलेली एक बाई. रावजीनं ते पान फाडून खिशात घातलं आणि भंगारात निघालेली शाळेची जुनी बस मालकाकडून मागून घेतली. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. पंच्याहत्तर साल. पाऊस बरा झाला होता, तळं काठोकाठ होतं. बहात्तरच्या दुष्काळात त्याच तळ्याला पडलेल्या भेगा आम्ही बघितलेल्या. सोलापूरच्या माणसाला नुसतं पाणी बघायला जाणंसुद्धा सणासारखं असतं.

आमचं अंगण एकच. डाव्या हाताला वच्छीचं घर, त्यात ती, रावजी, सासू रंभाबाई आणि दोन पोरं, कुसुम आणि भिमा. उजव्या हाताला माझी एक खोली आणि माझं शिलाई मशीन. माझा नवरा लग्नानंतर दोन वर्षांत तापानं गेला. तिसऱ्या खोलीत अक्कलकोटची चन्नम्मा. मधे शहाबादी फरशी.

अजून एक सांगते. रावजीचं स्थळ आधी मला आलं होतं. ते लोक मला बघायला आले, पोह्यांच्या बशा वच्छीनं आणून ठेवल्या, आणि जाताना त्यांनी तिला मागितली. आमच्या दादांनी, म्हणजे वडलांनी, दिलीसुद्धा, आणि त्याच मांडवात मला समोरच्या खोलीत दिली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. बारा वर्षं मी खिडकीपाशी मशीन चालवत तिचा संसार बघते आहे.

वर्कशॉपातली एक रीत असते. लोखंड कापायच्या आधी गाडी जमिनीवर आखायची, ती पण खऱ्या मापाची. वीस फूट म्हणजे वीस फूट. रावजीनं अंगणात सुतळी ताणली आणि फरशीवर खडूनं अख्खी गाडी आखली. मागच्या बाजूला दाराची जागा मोकळी सोडली. पुढं दोन खुर्च्या, एक त्याची, शेजारी खिडकीपाशी वच्छीची. मधे सासू आणि पोरांच्या झोपायच्या जागा. पार मागं स्टो, आणि त्याच्याजवळ एक जास्तीची जागा. कुसुमला अक्षर चांगलं, तिनं जागोजागी नावं लिहिली.

त्या दिवसापासून संध्याकाळची जेवणं झाली की सगळी त्या आखलेल्या गाडीत जाऊन बसायची. सराव म्हणे! कुणाचे पाय कुणाला लागतात, भांडी कुठं राहतील, सगळं ठरवायची. वच्छी तर अशी मिरवायची की जणू गाडी चाललीच आहे. एकदा मी पाण्याची घागर घेऊन सरळ त्या रेघेवरून गेले तर कडाडली.

"अगं अक्का, भित्तीतनं कुटं शिरतीयास? दारातनं ये की!"

सगळी हसली. मीही हसले.

ती स्टोजवळची सहावी जागा माझी असणार, असं मी धरून चालले होते. सख्खी थोरली बहीण, समोर राहणारी. गाडी आखली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मशीनवर बसल्या बसल्या तिथलं नाव वाचलं. 'चन्नम्मा.' आणि मला काय सांगितलं वच्छीनं? "अक्का, गाद्यांचे आब्रे आन् पडदे तूच शीव. तुज्या हातचे पडदे लई सरळ पडत्यात." पडदे माझे आणि हवा चन्नम्मा खाणार. मी कापड घेतलं. नाही म्हटलं असतं तर जळते म्हणाली असती, आणि ते खरं निघालं असतं.

माप घ्यायला मी दुपारी अंगणात उतरले. ऑक्टोबरचं ऊन, फरशी अशी तापलेली की चपला नसल्या तर नाचतच जावं लागतं. टेप घेऊन मी दारातून, हो, दारातूनच, आत पाऊल ठेवलं आणि नाचायची थांबले. आत फरशी गार होती. रांजणाच्या बुडाखालची जमीन असते तशी. मी एक हात रेघेच्या आत ठेवला, एक बाहेर. बाहेरचा भाजला. सावली कुठंही नव्हती.

मी सातवी शिकलेली बाई आहे, अंगारे-धुपारे करत नाही. खाली जुनी टाकी असेल, असं म्हटलं आणि रंभाबाईंना विचारलं.

"टाकी? हितं?" त्या म्हणाल्या. "खाली नुसता मुरूम हाय गं."

त्यानंतर माझं लक्षच तिकडं राहायला लागलं. परड्यातल्या लिंबाची पानं अंगणभर पडायची, पण रेघेच्या आत एक नाही. बाहेरून कडेला ओळीनं साठायची. मग एक दिवस रंभाबाईंची शेळी सुटली. ती माझ्या दारातून निघाली, आखलेल्या गाडीपाशी आली, थांबली, कडेकडेनं मागं गेली, मोकळ्या दारातून आत शिरली, चन्नम्माच्या जागेवर जरा उभी राहिली आणि आल्या दारानं बाहेर पडली. रंभाबाईंना कोण कौतुक! "शानी हाय माजी शेळी," म्हणाल्या. माझ्या हातातली सुई पडली ती सापडायला वेळ लागला.

शहाण्या बाईनं तिथंच लांब राहावं. पण चन्नम्मा रोज येऊन गादीचा आब्रा कधी होतो विचारायची, फुलंवालंच कापड घाल म्हणायची. एका दुपारी अंगणात कुणी नव्हतं. मी पदर ओला केला आणि तिचं नाव पुसलं. माझ्या कापड आखायच्या खडूनं त्या जागी माझं नाव लिहिलं, 'गोजर'. करून करून काय केलं, तर एक चहाटळपणा. फार तर वच्छी ओरडली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छी दारात आली. "अक्का, तुजी गादी झाली का न्हाय अजून? सगळ्यांचं शिवून स्वतःचंच ऱ्हायलं म्हनशील."

मी म्हटलं, "आणि चन्नम्मा?"

"चन्नम्माचं काय?"

चन्नम्मा नळावर होती. मी तिलाच विचारलं. ती हात झाडत म्हणाली, "अय्यो, बेडा बेडा, नको बाई! मला गाडी लागते की. मी कवा येते म्हनले होते?" चेहरा अगदी सरळ. तिचा फुलाफुलांचा आब्रा माझ्या मशीनवर अर्धा शिवलेला पडला होता.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा माझ्या जागेवर बसले. अंगणात पान हलत नव्हतं. जिथं खिडकीची रेघ होती तिकडून माझ्या गालाला वारा लागला. ओल्या चिखलाचा वास होता त्याला, तळ्याकाठी येतो तसा. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. सगळी आपापल्या खिडकीकडं तोंड करून बसली होती.

मला हवं होतं ते मिळालं होतं. भीती वाटत होती, नाही असं नाही, पण मी खूश होते. जागा मिळाली होती!

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी निघायचं होतं. खरी बस गल्लीच्या तोंडाशी उभी होती, निळी रंगवलेली, माझे पडदे लावलेले. रावजी आणि पोरं भांडी चढवत होती. रंभाबाई आधीच जाऊन बसल्या होत्या. वच्छी नारळ आणायला निघाली आणि जाता जाता चन्नम्माच्या दाराशी थांबली. मी माझ्या खोलीत आहे हे तिला माहीत नव्हतं, का होतं, देव जाणे.

"अक्काला न्यायलाच लागतंय बाई," ती म्हणाली. "एकलीच असती. मागं ठिवली तर वाईट दिसतंय. आन् तितं सैपाकाला हात हुतोय."

म्हणून स्टोजवळची जागा.

माझ्या अंगाची नुसती लाही झाली. ती बाहेर गेली, चन्नम्मा आत वळली आणि मी खडू घेऊन अंगणात आले. दारातून शिरले, पुढं गेले, वाकले आणि खिडकीपाशी लिहिलेलं 'वच्छला' पदरानं पुसलं. तिथं माझं नाव लिहिलं. मागं स्टोजवळचं माझं नाव पुसलं.

मग वाटलं, अगदीच कसायाचं काळीज नाही आपलं. माझ्या खोलीच्या उंबऱ्यापाशी, रेघेच्या बाहेर, मी 'वच्छला' लिहिलं. उघड्यावर टाकली नाही मी तिला. खोली दिली, मशीन दिलं.

नळावर जाऊन मी हात धुतले. मागून कुसुमनं पदर ओढला.

"आई, चल की! आप्पा हारन वाजवाय लागल्यात."

"मावशी म्हण, येडे."

"मावशी तर तितं हाय."

मी वळले. माझ्या खोलीत, माझ्या मशीनवर एक बाई पाठमोरी बसली होती. मान खाली, सुईत दोरा ओवत. माझं हिरवं लुगडं. वेणी मात्र जाड, कमरेपर्यंत. माझी तशी कधी नव्हती, वच्छीची होती.

खरं सांगते, भीतीच्या आधी मला आनंद झाला. बारा वर्षांचा.

गल्लीच्या तोंडाशी रावजीनं हात देऊन मला वर घेतलं. या माणसानं कधी माझ्याकडं मान वर करून बघितलं नव्हतं.

"वच्छे, नारळ आनलास न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. माझ्या हातात पिशवी होती. पिशवीत नारळ होता.

मी खिडकीपाशी बसले. मागून रंभाबाई म्हणाल्या, "गोजरला सांगितलंस का निगालो म्हनून?"

मी खिडकीचा पडदा सारखा केला.

"ऱ्हाऊ दे," त्याच पुढं म्हणाल्या. "थोरली भन खरी, पर लई जळती तुज्यावर."

रावजीनं चाकाशी नारळ फोडला, खोबरं वाटलं, गाडी चालू केली. माझ्या खिडकीतून फाटक दिसत होतं, फाटकातून अंगण.

ती बाहेर आली होती.

तिनं हाक मारली नाही. रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली. ती नजर मला कुणी ओळखून दाखवायची गरज नव्हती. बारा वर्षं मीच तिथं उभी राहून तसं बघत होते.

मग तिनं फरशीकडं बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.

आत गेली. बादली आणि खराटा घेऊन बाहेर आली.

"थांबवा," मी म्हटलं. "गाडी थांबवा."

"आता गं काय ऱ्हायलं?" रंभाबाई म्हणाल्या. "नारळ फुटल्यावर माघारी वळू ने."

रावजी हसला. गाडी वळली आणि फाटक दिसेनासं झालं.

तुळजापूर नाका मागं पडला. दोन्ही बाजूंना ज्वारी हिरवीगार उभी होती. माझे पडदे वाऱ्यानं फडफडत होते, सरळ, नीट शिवलेले. मागं पोरं रस्त्यावरचे विजेचे खांब मोजत होती, दोघं एका सुरात, ओरडून. चौदा. पंधरा.

तळं अजून चार मैल होतं.

माझ्या तळपायाला गार लागलं. मी खाली बघितलं. पत्र्यावरून पाणी येत होतं, पातळ, पांढरट, खडू धुतल्यासारखं.

"काय झालं गं?" रावजी म्हणाला.

"काय न्हाय."

मी पाय वर घेतले.

सोळा. सतरा. अठरा.

एकोणीस म्हणताना एकट्या भिमाचाच आवाज आला.