नानांच्या छातीतलं मशीन

देवश्री मोहरीरने पिशवीतून काचेची बरणी काढली आणि निवेदिता दाणीच्या टेबलावर ठेवली. बरणीत काडेपेटीएवढं, चपटं, चकचकीत धातूचं एक यंत्र होतं.

पांडुरंग ठेंगडींनी ते लगेच ओळखलं. त्यांच्या बायकोच्या, सरोजिनीच्या छातीत असाच पेसमेकर होता. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर अभिनव यांनी तो बसवला आणि सरोजिनी पुन्हा चालू-फिरू लागली. ठेंगडी रेल्वेतून निवृत्त झालेले, निवेदिताला तिच्या खासगी चौकशीच्या कामात सोबत करत. दर दिवाळीला ते मिठाईचा डबा घेऊन डॉक्टरांच्या पाया पडायला जात.

"हे नानांचं आहे," देवश्री म्हणाली.

तिचे वडील नीलकंठ मोहरीर, वय एकाहत्तर, ब्राह्मणपारा वस्तीतल्या घरी दाढी करता करता कोसळले. डोकं मोरीच्या कट्ट्यावर आपटलं. मशीन डॉक्टर अभिनव यांनीच अकरा महिन्यांपूर्वी बसवलेलं. दहा वर्षं चालेल असं सांगितलेलं. सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन झालं. चितेवर मशीन फुटतं म्हणून तिथे ते काढलं, आणि नानांची छाती पोतं शिवावं तशी शिवून दिली. ते सांगताना देवश्रीने बरणी पुन्हा जवळ ओढली.

डॉक्टरांनी कंपनीला दोष दिला होता. पण तेव्हापासून त्यांच्या रुग्णालयातून तीनदा फोन आला होता, मशीन परत आणून द्या म्हणून. त्यामुळेच ती इथे आली होती.

निवेदिताचं ऑफिस सदर बाजारात, एका सराफाच्या दुकानावर. तिने खालून भिंग मागवलं. मशीनवर कोरलेला क्रमांक वाचला, मग रुग्णालयाने नानांना दिलेल्या कार्डावर चिकटवलेला क्रमांक वाचला. दोन्ही वेगळे होते.

"म्हणजे पुरवठादारानं घोळ केला," ठेंगडी म्हणाले. "डॉक्टर तसा माणूस नाही, ताई. मले माहीत आहे."

निवेदिताने दोन्ही क्रमांक वहीत उतरवले.

पुरवठादार लोकेश साहू तरुण आणि बोलका होता. त्याने नवा डबा उघडूनच दाखवला. आत टणक प्लास्टिकचं तबक, त्यात दुसरं तबक, दोन्ही झाकणांनी सीलबंद. क्रमांकाचे स्टिकर डब्यातच. शस्त्रक्रियेच्या सकाळी तो असा डबा डॉक्टरांच्या हाती देई. बाकी रुग्णालयांत मशीनची सेटिंगही कॉम्प्युटर लावून तोच करी. अभिनव सर मात्र ती स्वतः करत, त्याला आत येऊ देत नसत.

निवेदिताने बरणीतल्या मशीनचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत शोधायला लावला. लोकेशने पडद्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. ते मशीन दहा वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका दवाखान्यात, अभनपूरच्या वनमाला देशकर यांना बसवलेलं होतं.

तरी ठेंगडींचं म्हणणं तेच होतं: हा लोकेशच जुनी मशीनं डब्यात भरून विकत असणार.

शस्त्रक्रियागृहातली परिचारिका अपर्णा साधी बाई होती. मशीन सर आपल्या कपाटातून काढून देतात, ती म्हणाली. मीच कागदी पाकीट फाडून तबकात ठेवते. पाकिटावरची पट्टी रंग बदललेली असली म्हणजे गॅसच्या यंत्रात निर्जंतुक झालं समजायचं. ते यंत्र रुग्णालयातच, खालच्या मजल्यावर आहे. तिने दुसरीकडे कधी नोकरी केली नव्हती; पेसमेकर सगळीकडे असाच येतो असं ती समजत होती.

अभनपूरला वनमालाबाईंचा मुलगा विहंग भेटला. तो हिंदीतच बोलला. आई दीड वर्षापूर्वी डॉक्टर अभिनव यांच्याच रुग्णालयात वारली. देह ताब्यात मिळाला तेव्हा मशीन आधीच काढलेलं होतं. कोणी काढलं ते कोणी सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. उलट त्याला बरं वाटलं होतं, कारण जखम इतक्या बारीक टाक्यांनी शिवली होती की शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायकांना ती दिसलीही नाही.

परतताना निवेदिता पुन्हा पुन्हा ठेंगडींकडे पाहत होती. "तुम्ही काहून असं पाहून राहिल्या माझ्याकडं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"काकूंचं मशीनही तपासायला लागेल, काका," निवेदिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांच्या केबिनमध्ये सगळे बसले: देवश्री, लोकेश, अपर्णा, ठेंगडी आणि पोलीस ठाण्याचे निरीक्षक. डॉक्टरांनी सर्वांसाठी चहा सांगितला. कोणी प्याला नाही.

"नानांच्या छातीत एका मेलेल्या बाईचं मशीन होतं," निवेदिताने सुरुवात केली. "ते तिथे तिघांपैकी कोणीतरी पोचवलं. लोकेशने पोचवलं असतं, तर ते कंपनीच्या प्लास्टिकच्या तबकातून आलं असतं. अपर्णाताईंच्या हाती आलं कागदी पाकीट, गॅसमधून काढलेलं. म्हणजे अदलाबदल डबा या इमारतीत शिरल्यावर झाली."

अपर्णाने तोंडावर हात ठेवला.

"अपर्णाताईंना ठाऊक असतं, तर त्यांनी पाकिटाचं मला आपणहून सांगितलं नसतं. शिवाय, सेटिंग करताना कॉम्प्युटरवर आधी मशीनचा क्रमांक येतो. लोकेशने तो पाहिला असता तर सगळं तिथेच उघड झालं असतं. म्हणून लोकेशला आत येऊ दिलं नाही. ते ठरवणं एकाच्याच हातात होतं. आणि शेवटचं, वनमालाबाईंचे टाके. मेलेल्या माणसाला इतकं नाजूक कोणी शिवत नाही. ज्याचा हात रोज जिवंत माणसं शिवतो, त्यालाच ती सवय असते."

डब्यातून काढलेलं नवं मशीन कुठे जाई, ते निरीक्षकांनी सकाळीच शोधलं होतं. परगावच्या एका दवाखान्यात ते पुन्हा विकलं जाई.

डॉक्टर अभिनव शांत होते. चालू मशीन जाळून किंवा पुरून काय मिळतं, एवढंच त्यांनी विचारलं.

"मग नानांना सांगून बसवायचं होतं," निवेदिता म्हणाली. "आणि सेटिंगच्या वेळी बॅटरी किती उरली तेही दिसतं. किती दिसली होती?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"वर्षभर," ते म्हणाले. "एकाहत्तराव्या वर्षी माणसाला आणखी किती लागतं?"

देवश्री उठली, बरणी छातीशी धरली आणि बाहेर गेली. ठेंगडींची नजर डॉक्टरांच्या हातांवर होती, स्वच्छ, नखं कापलेले हात. हेच हात प्रेताची छाती उघडत, धुतले जात, आणि मग ठेंगडींनी वाकून नमस्कार केला की त्यांच्या खांद्यावर येत. ते कसेबसे दाराबाहेर पोचले आणि कुंडीत ओकले.

त्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या त्रेचाळीस रुग्णांची तपासणी झाली. कॉम्प्युटर लोकेशच चालवत होता. सरोजिनीची पाळी आली तेव्हा त्याने क्रमांक वाचला, कार्ड पाहिलं, आणि मान वर केली नाही.

"कोणाचं होतं, भैया?" सरोजिनीने विचारलं.

भाटापाऱ्याच्या एका शिक्षकाचं, तो म्हणाला. बॅटरी चार महिन्यांची उरली आहे.

सरोजिनीने पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि छातीवर गच्च धरला. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "हे काढून टाका म्हणावं. आत्ताच्या आत्ता."

तसं काढता येत नव्हतं. नवं मशीन येईपर्यंत तिचा जीव त्याच्यावरच अवलंबून होता. सोमवारची तारीख मिळाली. तोवरच्या पाच रात्री सरोजिनी मशीनच्या बाजूला, डाव्या कुशीवर वळली नाही, आणि ठेंगडी शेजारी जागे राहून तिचा श्वास ऐकत होते.