फाटे फुटलेले तारे

तारे गोल असतात, हे ऋजुताला पहिलीपासून माहीत होतं. मग तिच्या फोटोतल्या प्रत्येक ठळक तार्‍याला चार किरण कुठून फुटले? तेही एकवेळ ठीक. पण त्या चारांपैकी समोरासमोरच्या दोन किरणांना फाटे का?

तिने फोटो मोठा करून पाहिला, उलटा करून पाहिला, पडदासुद्धा पुसून पाहिला. फाटे जागच्या जागी. शेवटी ती मावशीआजीकडे गेली. मावशीआजी म्हणजे आईची मावशी, सुलभा. सगळं आयुष्य तिने प्रयोगशाळेत दुर्बिणींचे आरसे घडवले होते. आता मात्र तिच्या डोळ्यांच्या मधोमध एक धुरकट ठिपका बसला होता, आणि ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. म्हणून ऋजुताने तिला फाट्यांचं वर्णन करून सांगितलं. मावशीआजी गालातल्या गालात हसली आणि म्हणाली, की दुर्बिणीच्या नळीत डोकावून बघ म्हणजे कळेल. आयतं उत्तर देणं तिच्या अगदी जिवावर येतं.

ऋजुताला तेव्हा डोकावायला वेळ नव्हता. तिच्या मागे वेगळीच घाई लागली होती.

चैत्री पौर्णिमेला मावशीआजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं (आयुष्यात हजार पौर्णिमा पाहून झाल्या म्हणून करायचा सोहळा). हजार चंद्र पाहिलेल्या बाईला आता एकही नीट दिसू नये, याचं ऋजुताला फार वाईट वाटायचं. तुला काय भेट देऊ, असं तिने मावशीआजीला विचारलं.

मावशीआजी म्हणाली, "सप्तर्षींच्या शेपटीला मरीची आहे ना, त्याच्या जवळ एक भोवर्‍यासारखी दीर्घिका आहे. तिच्या शेजारी एक छोटी दीर्घिका. पुस्तकात दाखवतात, मोठीने छोटीचा हात धरलाय. माझ्या आरशातून मला कायम दोन पुसट डागच दिसले गं. तो हात माझ्या आरशाला दिसतो की नाही, एवढं एकदा कळू दे."

दीर्घिका म्हणजे अब्जावधी तार्‍यांचा प्रचंड मोठा समूह. ही जोडी इतकी लांब आहे, की तिथला प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस जन्मालाही आला नव्हता. तो कोट्यवधी वर्षं चालत चालत माणदेशातल्या एका परसात, शेवग्याच्या झाडाशेजारी उभ्या असलेल्या दुर्बिणीत येऊन पडत होता. त्या दुर्बिणीचा आरसा मावशीआजीने तरुणपणी स्वतःच्या हाताने घासला होता. पिंपावर एक जाड काच ठेवायची, तिच्यावर दुसरी काच, मधे खरखरीत पूड आणि पाणी, आणि पिंपाभोवती फिरत घासत राहायचं. घासता घासता वरची काच उथळ वाडग्यासारखी खोलगट होते. मग तिला चांदीसारखा चकचकीत मुलामा दिला, की आरसा तयार. असा आरसा आपल्यावर पडलेला सगळा प्रकाश एका जागी गोळा करतो.

फोटो काढायच्या कामात मदतीला सदू होता. सदू म्हणजे घरातला यंत्रमानव. धुणी वाळत घालणं, आकाशावर कॅमेरा रोखणं आणि कुणालाही नाही न म्हणणं ही त्याची तीन मुख्य कामं.

पहिला फोटो आला तो राख पसरल्यासारखा. ऋजुताचा चेहरा पडला. मावशीआजीने मात्र तो कसा दिसतो ते विचारून घेतलं आणि तिला समजावलं, की डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. आला तसा बघतो आणि सोडून देतो. कॅमेर्‍यातला संवेदक (प्रकाश टिपणारी चकती) मात्र गळक्या नळाखाली ठेवलेल्या हंड्यासारखा असतो. एकेक थेंब पडत राहतो आणि हंडा भरतो.

"मग ही राख कसली?" ऋजुताने विचारलं.

मावशीआजी म्हणाली, की तो गोंगाट आहे. संवेदक तापतो, आकाशही थोडं उजळलेलं असतं, त्यामुळे फोटोत खोटे ठिपके उमटतात. "तुमच्या शाळेच्या मैदानावर प्रत्येक पोर वेगळंच काहीतरी बडबडत असतं. रस्त्यापलीकडून त्यातलं अक्षर कळत नाही. पण प्रार्थना सुरू झाली की कळते ना? कारण ती सगळे एकच म्हणतात. तसंच इथं. खोटा ठिपका दर फोटोत वेगळ्या जागी पडतो. दीर्घिका मात्र प्रत्येक फोटोत तिच्याच जागी असते. पुष्कळ फोटो काढ, तारे जुळवून एकावर एक ठेव आणि सरासरी घे. गोंगाट विरत जाईल."

ऋजुता कामाला लागली. संध्याकाळी सप्तर्षी वर आले, की सदू फोटोमागून फोटो काढायचा आणि ती ते एकावर एक रचायची. राख खरंच विरळ होऊ लागली. मोठा डाग दिसला, मग छोटा डाग दिसला, मोठ्याभोवती एक वळणही दिसल्यासारखं वाटलं. पण नेमके अवकाळी ढग आले. ढग गेले तोवर चंद्र इतका मोठा झाला होता, की त्याच्या उजेडात पुसट गोष्टी पार बुडून गेल्या. आता पौर्णिमेपर्यंत नवे फोटो मिळणार नव्हते, आणि हाताचा तर पत्ताच नव्हता.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी ती रडकुंडीला आली आणि सदूला म्हणाली, "हे जरा छान करून दे ना रे."

सदूने लगेच छान करून दिलं. असं छान, की ऋजुता बघतच राहिली. भोवर्‍याची वळणं लखलखीत आली होती, आणि मोठीकडून छोटीकडे गेलेला हात स्पष्ट दिसत होता. हे कसं केलंस, असं तिने विचारलंच नाही. तिने त्याचा उठावाचा छाप काढून घेतला. अशा छापात जिथे उजेड जास्त तिथे उंचवटा जास्त येतो, त्यामुळे फोटो बोटांनी वाचता येतो.

पौर्णिमेला घर पाहुण्यांनी भरलं. कणकेच्या दिव्यांनी मावशीआजीला ओवाळलं. मग ऋजुताने तो छाप तिच्या मांडीवर ठेवला आणि तिचं बोट मोठ्या उंचवट्यावर नेऊन टेकवलं. बोट वळणावरून फिरलं, हातावर आलं, हातावरून सरकत छोटीपर्यंत गेलं. मावशीआजीचा चेहरा इतका उजळला, की आईने डोळ्यांना पदर लावला.

मग मावशीआजीचं बोट सवयीने कडेच्या एका तार्‍यावर गेलं. तिथे थांबलं. दुसर्‍या तार्‍यावर गेलं. तिथेही थांबलं.

"चित्र सुंदर आहे, बाळा," ती हळूच म्हणाली. "पण हा प्रकाश आपल्या आरशावरचा नाही."

ऋजुताला काहीच कळेना. तारे गुळगुळीत गोल होते, एवढंच तिच्या ध्यानात आलं. ती उठली आणि तडक परसात गेली. विजेरी घेऊन तिने पहिल्यांदाच दुर्बिणीच्या नळीत नीट डोकावून पाहिलं. तळाशी मोठा आरसा होता. तोंडाशी एक छोटा तिरका आरसा, गोळा झालेला प्रकाश बाजूला कॅमेर्‍याकडे वळवणारा. त्याला चार बाजूंनी चार पातळ पट्ट्यांनी धरून ठेवलं होतं. प्रकाश या पट्ट्यांच्या कडांवरून जाताना थोडा पसरतो (याला विवर्तन म्हणतात), आणि म्हणून तार्‍यांना चार किरण फुटतात. चारांपैकी एक पट्टी किंचित वाकडी होती. तिचा प्रकाश समोरच्या पट्टीच्या प्रकाशाशी जुळत नव्हता, दोन्हीकडे थोडा बाजूला पसरत होता. फाटे तिथून येत होते.

तिने सदूला जाब विचारला. सदू कधी खोटं बोलत नाही. त्याने शांतपणे सांगितलं, की तार्‍यांचे दोष काढून टाकले आणि जे दिसत नव्हतं ते जगातल्या इतर फोटोंवरून भरलं. हातसुद्धा तिथूनच आणला.

ऋजुताला लाजेने रडू फुटलं. मावशीआजीला जे एवढं एकच जाणून घ्यायचं होतं, त्याचं खोटं उत्तर तिने तिच्या मांडीवर ठेवलं होतं. तिने आपल्या खर्‍या, अर्ध्यामुर्ध्या फोटोचा छाप काढला आणि पाहुणे गेल्यावर मावशीआजीला नेऊन दिला. यात हात नाही, हेही सांगून टाकलं.

मावशीआजीने तो छाप बराच वेळ चाचपला. मोठा उंचवटा, एक अर्धवट वळण, छोटा उंचवटा, मधे रिकामी जागा. मग कडेचा तारा, त्याचे चार किरण आणि फाटे. तिने आईला बोलावलं आणि तिचं बोट त्या फाट्यावर ठेवलं.

"हा तुझा प्रताप. चार वर्षांची होतीस. चांदणी काढायची म्हणून नळीत हात घातलास आणि पट्टी वाकवलीस."

आई हसत सुटली. ऋजुता म्हणाली, की मी उद्याच पट्टी सरळ करते. मावशीआजीने ठाम नकार दिला. "अजिबात नको. त्यावरून मला माझं आकाश ओळखू येतं. आणि रडतेस कशाला? हंडा भरला नाही म्हणून काय झालं, नळ चालू आहे ना?"

पौर्णिमेनंतर चंद्र दररोज उशिरा उगवू लागला. संध्याकाळी पुन्हा काळोख पडायला लागला आणि ऋजुता पुन्हा शेवग्याखाली जाऊन बसायला लागली. जुन्या फोटोंवर नवे फोटो चढत गेले. सदूला सक्त ताकीद होती, की जोडायचं ते फक्त आपल्या आरशावर पडलेलं. तो दर वेळी विचारायचा, तार्‍यांचे फाटे काढू का? आणि घरातून तीन बायका एकदम नाही म्हणायच्या.

अमावास्येच्या सुमाराला नवा छाप निघाला. या वेळी ऋजुताने मावशीआजीचं बोट धरलं नाही. ती नुसती शेजारी बसून राहिली. बोट आधी तार्‍यावर गेलं, फाटे आहेत याची खात्री करून घेतली, मग मोठीवर आलं. वळणाच्या टोकाशी आल्यावर ते क्षणभर घुटमळलं. तिथे अगदी बारीक, खडूच्या रेघेएवढा उंचवटा होता. बोट त्याच्यावरून जपून पुढे गेलं, आणि छोटीपाशी पोहोचलं.

मावशीआजीने दुसर्‍या हाताने ऋजुताचा हात चाचपून शोधला आणि घट्ट धरला.

"दिसला गं," ती म्हणाली. "माझ्या आरशाला दिसला."