एडिटरमधून बाहेर कसं पडायचं?

"अहो मॅडम, थांबा! प्लग कशाला ओढताय?"

माझा हात तिथेच थबकला. समोर आमच्या कम्प्युटर लॅबचा नवा तंत्रज्ञ... उंच, चष्मेवाला, आणि हसू दाबत असलेला!

"मग काय करू? या एडिटरमधून बाहेरच पडता येत नाहीये!" मी अगदी रडकुंडीला आले होते. प्रबंध लिहायचा, त्यातली समीकरणं छापील पुस्तकासारखी सुबक बसवायची, म्हणून लिहायच्या प्रोग्रॅमच्या यादीत पहिला दिसला तो एडिटर उघडला. नुसता काळा पडदा! माऊसला तर तो विचारतच नव्हता.

तो वाकला. साबणाचा मंद वास आला... "आधी एस्केपची कळ. मग टाइप करा :wq. म्हणजे जतन कर आणि बाहेर पड."

"हुश्श! यापेक्षा सोपा नाही का एखादा?"

तो जरा घुटमळला. "नाही... हाच बरा. अडलं तर मला बोलवा."

बोलवा म्हणाला, मग काय! मी रोज अडकायला लागले. खरं तर आठवडाभरात सगळं येत होतं मला. पण तसं सांगितलं असतं, तर तो खुर्ची ओढून शेजारी कशाला बसला असता? 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

शेवटचं प्रकरण संपत आलं तशी मला धडकी भरली. प्रबंध संपला की याचं शेजारी बसणंही संपणार! त्या दुपारी घाईघाईत मेसेज केला, 'पुन्हा अडकले रे. बाहेर कसं पडायचं तेच आठवत नाहीये :wq'

तो आला. बसला नाही. मोबाइल माझ्यापुढे धरला.

"बाहेर पडता येत नाही म्हणे! आणि मेसेजच्या शेवटी हे काय?"

मेले! "ते... बोटांना सवय झालीय..."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून," मी पुटपुटले. "रागावलास?"

त्यानं हळूच खुर्ची ओढली. त्याचे कान लालबुंद झाले होते. "मी कुठल्या तोंडानं रागावू? सोपा एडिटर आहे गं. माऊसनं चालणारा, छापील पान शेजारीच दाखवणारा. तू सोडून अख्ख्या लॅबला मीच बसवून दिलाय."

"लबाडा! मग मला का नाही दिलास?"

"दिला असता, तर तू मला बोलावलं असतंस?"

हा शेजारी असताना दुसऱ्यांच्या पडद्यांकडे बघायची मला सवड तरी कुठे होती!

"पण आता प्रबंध संपणार," तो खाली बघत म्हणाला. "मग काय सांगून बोलावशील?"

"काही नाही सांगणार... आवडतोस मला, म्हणून ये म्हणेन."

त्यानं माझा हात घट्ट धरला. पडद्यावर कर्सर लुकलुकत होता. एडिटर बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.