दिशाचा राजीनामा

"राजीनामा माज्या मेलवरनं गेलाय, पन मी लिवला नाय," दिशा म्हणाली.

खासगी तपास करणाऱ्या सुचिता देवस्थळींच्या बेलापूरच्या ऑफिसात ती ताठ बसली होती. उरणकडच्या कोळीवाड्यातली मुलगी, महापेच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. टीम लीडर होऊन ती पुण्याला जाणार होती. रविवारी राजीनामा गेला, सोमवारी मंजूर झाला.

इंग्रजी मेल छोटा होता : माझी आई अंथरुणाला खिळली आहे, तिच्यासाठी नोकरी सोडते. सुचिताने तो दोनदा वाचला. मदतनीस विपुलला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

दिशाचा साहेब आशुतोष म्हणाला, तिच्या इंग्रजीत 'अ' आणि 'द' ही उपपदं कधीच जागेवर नसत. या मेलमध्ये एकही चूक नव्हती. तिच्या टीममधल्या जाईने तपासून दिला असेल, असं त्याला वाटलं. दिवाळीत दिशाची आई गेली तेव्हा रजा आपणच दिली, हेही त्याने सांगितलं.

शेजारी बसणाऱ्या जाईला दिशाचा पासवर्ड ठाऊक होता आणि तिची जागाही हवी होती. ते तिने लपवलं नाही. दिशाच्या आईच्या अंत्यविधीला मात्र ती स्मशानापर्यंत गेली होती.

दिशाचा नवरा प्रणय इंग्रजी माध्यमात शिकलेला. आपल्या आईला अर्धांग झालंय, तिचं सगळं दिशाच करते, थकली असेल, असं तो म्हणाला. दिशाचा फोन घरी उघडाच असतो, हे बोलता बोलता त्याच्याकडून कळलं.

"जाईच," विपुल जिन्यात म्हणाला.

सुचिताने सगळ्यांना दिशाच्या द्रोणागिरीच्या फ्लॅटवर बोलावलं.

"इतकं अचूक इंग्रजी दिशाचं नाही. म्हणजे लिहिणारा दुसराच. पण त्याने 'माय मदर' लिहिलं. दिशाची आई तर वारली. आशुतोष आणि जाईला ते पक्कं माहीत होतं. त्यांनी सासू लिहिलं असतं. दिशा सासूला मामी म्हणते. या अंथरुणावरच्या बाईला 'माझी आई' म्हणणारा एकच माणूस आहे. सोंग बायकोचं घेतलं, पण 'माझी' लिहिताना तो स्वतःच उरला."

प्रणय खाली बघत राहिला.

"आशुतोष, तुम्हाला नाही खटकलं?"

"माझं लक्ष इंग्रजीवरच गेलं, कारण नीट वाचलंच नाही," तो म्हणाला. राजीनामा रद्द करता येईल, पण टीम लीडरचं पत्र सकाळीच जाईला दिलंय, असं त्याने सांगितलं. जाईने त्या पत्राला नकार दिला नाही.

"तू पुन्याला गेलीस तर आईला कोन बगनार?" प्रणय पुटपुटला.

"तुजी आय हाय," दिशा म्हणाली. "तू बग."

आतून म्हातारीने हाक मारली. प्रणय जागचा हलला नाही. दिशा आत गेली, मामीला पेज भरवली, तिचं तोंड पुसलं आणि मग कपाटावरून बॅग काढली.