कुर्ली का थांबली?

कुर्लीने बोट धरली आणि ती तशीच थांबून राहिली.

शाल्मली खुर्चीवरून उठली, परत बसली, पुन्हा उठली. "अगं, काप ना ते जाळं!" ती पडद्याकडे बघून ओरडली. पण ओरडून काही उपयोग नव्हता. कुर्लीला कान नव्हते.

कुर्ली म्हणजे समुद्राच्या तळाशी काम करणारा एक यंत्रमानव. आठ पाय, दोन मोठ्या नांग्या आणि तिरकी चाल. वेंगुर्ल्याच्या लोकांनी तिला पाहिलं आणि खेकड्याचंच नाव देऊन टाकलं. वेंगुर्ल्यापासून दूर, समुद्रतळावर बांधलेल्या संशोधन केंद्रात ती राहायची. तिथेच शाल्मलीची आत्या, डॉक्टर हेमांगी सामंत, प्रवाळांचा अभ्यास करायची. सातवीची परीक्षा संपल्यावर शाल्मली सुट्टीला तिच्याकडे आली होती.

त्या सकाळी आत्या एका माणसापुरत्या छोट्या पाणबोटीतून बाहेर गेली, आणि कुणीतरी फेकून दिलेल्या मासेमारीच्या जाळ्यात बोटीचा पंखा अडकला. पाण्याला जोराची ओढ होती. जाळं एका बाजूने फाटत चाललं होतं. ते अचानक सुटलं असतं, तर बोट थेट खडकांवर आपटली असती. केंद्राचे इंजिनियर फ्रान्सिसकाका मदतीची बोट बोलवायला केंद्राच्या वर पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्याकडे धावले. जाता जाता एवढंच म्हणाले, "तू कुर्लीला आज्ञा लिहून पाठव गो! मी आलोच!"

कुर्ली पाच देशांनी मिळून बनवलेली, म्हणून तिला आज्ञा इंग्रजीतूनच द्यावी लागायची, तीही केंद्रातून, लिहून. शिवाय नवी आज्ञा पोचली की जुनी पुसली जायची. एकेक काम वेगळं सांगावं, तर 'काप' म्हटल्याबरोबर तिने धरलेली बोट सोडून दिली असती. सगळं एकाच वाक्यात सांगायला हवं होतं.

शाल्मलीने लिहिलं होतं: 'होल्ड द बोट, कटिंग द नेट अँड टू टो इट होम.' टो म्हणजे ओढत नेणं, हे तिला फ्रान्सिसकाकांनी शिकवलं होतं.

एकही स्पेलिंग चुकलेलं नव्हतं. मग कुर्ली अडली कुठे? शाल्मलीने शेवटी 'प्लीज' जोडून पाहिलं. सगळी अक्षरं मोठी करून पाहिली. दर वेळी पडद्यावर तेच उत्तर: एक काम समजलं, बाकीची नाहीत.

एवढ्यात जलध्वनी-यंत्र (पाण्यातून आवाजाच्या लहरींनी बोलायचं साधन) खरखरलं आणि आत्याचा आवाज आला.

"शालू, काय लिहिलंयस? वाच."

शाल्मलीने घाईघाईने वाचून दाखवलं.

"आता त्याचं मराठी कर. शब्दांची रूपं बदलू नकोस."

"आत्या, आत्ता मराठी कुठे? तुझी बोट हलतेय!"

"म्हणूनच सांगतेय. कर."

"बोट धर, जाळं कापत आणि तिला घरी ओढून न्यायला." शाल्मली स्वतःच थबकली. "ई! असं कोण बोलतं?"

"कोणीच नाही. काय खटकलं?"

"'धर' ठीक आहे. 'कापत' मध्येच लोंबकळतंय. आणि 'न्यायला' म्हणजे... पुढे काय?"

"बघ! कुर्लीलाही तेच वाटलं. 'होल्ड' तिला आज्ञा म्हणून कळली. 'कटिंग' वाचून तिला वाटलं, कापणं चालूच असेल. 'टू टो' तिला पुढचा नुसता हेतू वाटला. माणूस अंदाजाने समजून घेतो. कुर्लीला आम्ही अंदाज करायला शिकवलंच नाही. जाळ्याऐवजी हवेची नळी कापली म्हणजे?"

धाडकन आवाज झाला. जाळ्याचा आणखी एक भाग फाटला होता. बोट वाकडी झाली. कुर्लीचे पाय वाळूत घसरले.

"ऐक, शालू. एका वाक्यात बरोबरीची कामं सांगायची, तर त्यांच्या क्रियापदांचं (काम दाखवणाऱ्या शब्दांचं) रूप एकसारखं ठेवायचं. याला समांतर रचना म्हणतात. तुझ्या तिन्ही शब्दांची..."

खर्रर्र. आवाज तुटला.

"आत्या? आत्या!"

उत्तर आलं नाही. शाल्मली पुन्हा पडद्याकडे वळली. रूप एकसारखं. मग सगळीकडे 'इंग' लावू? 'होल्डिंग, कटिंग, टोइंग'? तिने टाइप केलं, पाठवायला बोट उचललं आणि थांबली. मराठीत कर, आत्या म्हणाली होती. बोट धरत, जाळं कापत, घरी ओढत. रूप एकसारखं झालं खरं, पण यात कुणाला काही सांगितलंच नव्हतं! नुसतं एकसारखं असून चालणार नव्हतं, ते रूप आज्ञेचंच असायला हवं होतं.

धर. काप. ने.

तिने सगळं पुसून लिहिलं: 'होल्ड द बोट, कट द नेट अँड टो इट होम.' लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं, 'इट' म्हणजे जाळं असंही वाटू शकतं. कुर्लीने जाळंच घरी आणलं तर? तिने 'इट'च्या जागी 'द बोट' घातलं आणि आज्ञा पाठवली.

पडद्यावर अक्षरं उमटली: तीन कामं समजली.

एका नांगीने बोट घट्ट धरून कुर्लीने दुसऱ्या नांगीने दोर कापायला सुरुवात केली. कच. कच. जाळं सुटून काळोखात वाहून गेलं, आणि कुर्ली बोट घेऊन निघाली. पण इतक्या भराभर, की बोट मागे हेलकावे खाऊ लागली. दारापाशी वळताना ती भिंतीवर आदळली असती. शाल्मलीने पुन्हा लिहायला घेतलं: 'होल्ड द बोट फर्मली, टो इट स्लोली अँड टर्न इट विथ केअर.' घट्ट, हळू आणि... 'फर्मली', 'स्लोली', मग मध्येच 'विथ केअर' का? कदाचित कुर्लीला कळलंही असतं, पण आता धोका कोण पत्करणार! तिने शेवटचे दोन शब्द खोडून 'केअरफुली' लिहिलं आणि आज्ञा पाठवली.

कुर्लीची चाल मंदावली. ती जपून वळली. दार उघडलं, बोट आत आली आणि पाठोपाठ दार बंद झालं.

आत्या बाहेर आली. तिने शाल्मलीला कवेत घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. फ्रान्सिसकाका धापा टाकत परत आले, दोघींना बघून तिथेच जमिनीवर बसले.

"आत्या," शाल्मलीने विचारलं, "माणसांना लिहिताना असं चुकलं तर चालतं ना?"

"भागतं. 'मला पोहणं, गाणं आणि वाचायला आवडतं' असं म्हटलंस तरी मला कळेल. पण वाचताना ठेच लागेल, आणि ठेच लागली की माणसाचं लक्ष अर्थावरून उडतं." आत्याने तिचे केस मागे सारले. "काही वर्षांनी कुर्लीच्या बहिणी गुरूच्या चंद्रावर जातील, बर्फाखालचा समुद्र शोधायला. तिथे निरोप जाऊन उत्तर यायला तासाहून जास्त वेळ लागेल. वाक्य पहिल्याच वेळी नीट लिहिणारं कोणीतरी इथे लागेल."

"त्यांना मराठी का नाही शिकवत?"

आत्याने फ्रान्सिसकाकांकडे पाहिलं. काकांनी खांदे उडवले. "कोणी शिकवली नाही, म्हणून."

शाल्मली खुर्चीवर जाऊन बसली आणि तिने मराठीतून टाइप केलं: 'पुढे ये, नांगी उचल आणि दिवा लाव.'

खिडकीबाहेर कुर्ली हलली नाही. पडद्यावर उत्तर आलं, ही भाषा मला येत नाही.

"येईल," शाल्मली म्हणाली आणि तिने खुर्ची पुढे ओढली. "आत्या, पहिल्यांदा हिला काय शिकवायचं? 'ये' की 'उचल'?"