समोरची खुर्ची

"इथे कुणी येणार आहे का हो?"

पेईशानने मान वर केली. समोर एक उंच, घामाघूम तरुण, हातात नूडल्सचा वाफाळता वाडगा... आणि नजर तिच्या समोरच्या खुर्चीवरच्या टिश्यूच्या पुडीवर. सिंगापूरच्या फूड सेंटरात भर दुपारी पुडी ठेवली की जागा धरली. मग साक्षात मंत्री आला तरी तिथे बसत नाही.

"हो, येणार आहे," ती म्हणाली.

धादांत खोटं! एकेकाळी रोज तिच्यासमोर बसून जेवणारा तिचा प्रियकर किआनमेंग कधीच व्हँकुव्हरला गेला, तिथे लग्नसुद्धा करून मोकळा झाला. पण त्याच्यासाठी पुडी ठेवायची हिची सवय काही सुटेना.

तो तरुण खांबाला टेकून उभ्यानेच जेवला. तिचं जेवण संपलं तरी कुणी आलं नाही. जाताना तो नुसता हसला. मेला, हसायचं काय त्यात!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बघते तर तोच! नवा आलेला बूनहाव. आणि आल्या आल्या त्याने हात घातला तो पेईशानच्याच कोडला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, कर्नलमधला, तिने उमेदीच्या काळात लिहिलेला तुकडा. प्रोसेसर एका कामावरून दुसऱ्याकडे वळला की हा तुकडा आधीच्या कामाचे दशांशातले आकडे जपून ठेवी, परतल्यावर पुन्हा मांडून देई.

"पण कर्नलची स्वतःची कामं दशांशाला शिवतसुद्धा नाहीत," बूनहाव म्हणाला. "त्यांचे कशाला जपताय? मी ते काढून टाकतोय."

"माझ्या मंजुरीशिवाय ओळ हलायची नाही. आणि उद्या कुणाला लागले तर?"

"असं एक तरी काम दाखवा, मी कान पकडतो. नाही सापडलं तर मंजुरी द्या... आणि मला बसून जेवू द्या. पाय दुखतात हो!"

ती फणफणली. आठवडाभर तिने सगळं कोड पालथं घातलं. तो रोज तिच्यासाठी कोपी, म्हणजे तिथली दाट कॉफी, आणायचा, टेबलावर ठेवून हळूच विचारायचा, "आला का तुमचा पाहुणा?" राग यायचा... आणि यायला उशीर झाला की दाराकडे डोळे लागायचे.

दशांश लागणारा पाहुणा काही कोडात सापडला नाही. तरी मंजुरी देताना तिचा हात अडखळला. कोडचं काय एवढं! भीती होती ती निराळीच — जागा मोकळी केली आणि समोर कुणी बसलंच नाही, तर?

शेवटी दिली तिने मंजुरी. कर्नलच्या कामांपुरता तो भाग गेला, यंत्र ठेचकाळलंसुद्धा नाही.

दुपारी बूनहाव सवयीने खांबाशी उभा. तिने समोरची पुडी उचलली.

"ए, तिथे काय उभा राहिलास? बस ना."

"पण... तो येणारा?"

"तो नाही यायचा," ती म्हणाली. इतकं सहज म्हणाली, की तिचं तिलाच नवल वाटलं.

तो बसला. इतका हरखला की पहिल्याच घासाला अख्खी लाल मिरची चावून बसला! डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. ती खो खो हसत सुटली. कोपरे झिजलेली, कधीच न उघडलेली ती पुडी तिने टरकन फाडली आणि टिश्यू त्याच्या हातात दिला.

"अगं, फाडलीस?" तो नाक पुसत म्हणाला. "आता उद्या काय ठेवशील?"

"मी नाही ठेवणार," पेईशान लाजून वाडग्यात बघत म्हणाली. "उद्या तू लवकर ये... आणि जागा धर. दोघांची."